वेल्डिंगचं दुखणं उशिरा कळतं

दसरा उलटला की भालकी, औराद, हुमनाबाद, आळंद या गावांतल्या वेल्डिंगच्या दुकानांपुढे ट्रॉल्यांची रांग लागते. भालकीजवळच्या हुणजीचा किंवा आळंद तालुक्यातल्या भुसनूरचा साखर कारखाना बॉयलर पेटवायच्या आत उसाच्या ट्रॉलीची मोडकी फळी, तडकलेला हूक, झिजलेली दांडी जोडून घ्यायची असते. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या गॅरेजांत ट्रकच्या बॉडीचं काम तर वर्षभर चालूच असतं. दुकानाचं शटर वर, यंत्र दारात आणि काम रस्त्याच्या कडेला. उस्तादाच्या शेजारी नव्यानं कामाला लागलेला एखादा पोरगा अँगल धरून उभा असतो. काळी काच एकच आणि ती उस्तादाकडे. ठिणगी पेटली की पोरगा मान वळवतो, डोळे मिटतो आणि काही झालं नाही असं समजून पुढचा अँगल धरतो.

त्याचं हे समजणंच मला सगळ्यांत धोक्याचं वाटतं. हातोडा बोटावर बसला तर कळ तिथल्या तिथे येते आणि हात शहाणा होतो. वेल्डिंगमध्ये तसं क्वचितच घडतं. डोळ्याची आग मध्यरात्री सुरू होते. धुराचा ताप संध्याकाळी चढतो. कडब्यात गेलेली ठिणगी दुकान बंद झाल्यावर पेट घेते. फुप्फुसांचा हिशेब वीस वर्षांनी लागतो. कारण आणि त्रास यांच्यामध्ये इतका वेळ जातो की दोन्हींचा संबंध मनात जुळतच नाही. अनुभवानं माणूस शिकतो हे बाकीच्या धंद्यांत खरं असेल. या धंद्यात अनुभव बऱ्याचदा चुकीचा धडा देतो. म्हणून इथल्या काही गोष्टी पहिली रॉड हातात घेण्याआधीच माहीत असायला हव्यात.

लोखंड जोडणं या मुलखाला नवीन नाही. बिदरच्या किल्ल्यात ज्या अवजड तोफा आजही पाहायला मिळतात, त्यांतल्या काही ओतीव नाहीत. लोखंडाच्या पट्ट्या आणि कडी तापवून, घणाखाली एकजीव करून त्या घडवल्या आहेत. बैलगाडीच्या चाकाची धावही लोहार याच रीतीनं जोडत आला. यात लोखंड वितळत नाही. पिवळंधमक होईपर्यंत तापतं, मऊ पडतं आणि दाबाखाली दुसऱ्या तुकड्यात मिसळतं. आजचं आर्क वेल्डिंग निराळं. रॉडचं टोक आणि काम यांच्यामधल्या फटीतून वीज उडी मारते, त्या जागी पाच हजार अंश सेल्सियसच्या वर तापमान जातं, जोडायच्या दोन्ही कडा आणि रॉड क्षणभर वितळून एकत्र येतात आणि गोठतात. भट्टीचा उजेड लाल-पिवळा असतो. आर्कच्या उजेडात त्याशिवाय डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण भरपूर असतात. भट्टीसमोर आयुष्य काढलेल्या लोहाराची नजर धगीला थोडीफार सरावत असेल, पण आर्कला कुणाचाही डोळा कधीच सरावत नाही.

आधी हातातल्या वस्तू नीट ओळखू. यंत्रातून दोन जाड केबल निघतात. एकीच्या टोकाला होल्डर, त्यात रॉड. दुसरीच्या टोकाला क्लँप, जो कामाला चिमटायचा. दुकानात या क्लँपलाच ‘अर्थिंग’ म्हणतात, आणि त्यातून एक घातक गैरसमज होतो. हा क्लँप म्हणजे वेल्डिंगची वीज परत जाण्याची वाट आहे. यंत्राच्या पेटीला जमिनीशी जोडणारी खरी अर्थिंगची वायर वेगळी असते आणि ती स्वतंत्रपणे लावावीच लागते. क्लँप लावला म्हणजे अर्थिंग झालं असं समजून कितीतरी यंत्रं अर्थिंगविना चालतात. मग आतली वायर सुटून पत्र्याला टेकली की पेटीतच वीज उतरते.

क्लँप कुठे लावायचा हेही महत्त्वाचं. तो जोडाच्या जवळात जवळ, रंग आणि गंज खरवडून काढलेल्या जागी हवा. तुरीच्या मळणी यंत्राच्या एका टोकाला क्लँप आणि दुसऱ्या टोकाला वेल्डिंग असं केलं, तर वीज मधल्या बेअरिंगांतून वाट काढते. त्यांच्या गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात आणि ऐन हंगामात बेअरिंग बसतं. ट्रॅक्टरवर काम करायचं असेल तर आधी बॅटरीची तार काढावी.

रॉड म्हणजे लोखंडी तार आणि तिच्यावरचं फ्लक्सचं कवच. फ्लक्स जळतो तेव्हा त्याचा वायू वितळलेल्या धातूला हवेपासून झाकतो आणि उरलेला भाग वर पपडी होऊन बसतो. ती पपडी म्हणजे स्लॅग. आपल्याकडे रॉडची जाडी अजून जुन्या गेजच्या नंबरात सांगतात: १२ नंबर म्हणजे सुमारे अडीच मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीनच्या आसपास, ८ नंबर म्हणजे चार. नंबर वाढला की रॉड बारीक होते, हे नवख्यानं लक्षात ठेवावं. अडीचच्या रॉडला साधारण ६० ते ९० अँपियर लागतात, सव्वातीनच्या रॉडला ९० ते १३०, चारच्या रॉडला १४० ते १८०. खरा आकडा पाकिटावर छापलेला असतो. पाकिटावर ६०१३ दिसलं तर त्यातले पहिले ६० जोडाची ताकद सांगतात, म्हणजे दर चौरस इंचाला ६० हजार पौंडांचा ताण; पुढचा १ म्हणजे रॉड आडवी, उभी, डोक्यावर अशी कुठल्याही स्थितीत चालते; शेवटचा आकडा फ्लक्सचा प्रकार सांगतो. ७०१८ ही जास्त ताकदीची रॉड, पण ती ओल धरते. पावसाळ्यात उघड्या पाकिटात राहिली तर ओलीतला हायड्रोजन जोडात शिरतो आणि जोडाला नंतर तडे जाऊ शकतात. तीही उशिरा कळणारीच गोष्ट.

आता डोळे. अतिनील किरण बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात शोषले जातात आणि त्याच्या वरच्या थराला भाजतात, ऊन कातडीला भाजतं तसं. त्या वेळी काहीच जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं, पाणी वाहतं, दिव्याकडे बघवत नाही. इकडे याला ‘डोळे आले’ म्हणून लोक मोकळे होतात, पण हा संसर्ग नव्हे, भाजणं आहे. वेल्डिंग करणाऱ्यापेक्षा हा त्रास अँगल धरणाऱ्या पोराला, समोर चहा पीत बसलेल्या गिऱ्हाइकाला आणि कौतुकानं बघत उभ्या राहिलेल्या लहान मुलांना जास्त होतो, कारण त्यांच्याकडे काच नसते. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवरून परतलेले किरणही पुरतात.

रात्री डोळे पेटले की घरोघरी उपाय सुरू होतात: बटाट्याची चकती, कांद्याचा रस, गुलाबपाणी, आईचं दूध. डोळ्याच्या आत यांपैकी काहीही घालू नये. भाजलेल्या पडद्यावर जंतू गेले तर साधं दुखणं नजरेवर बेतू शकतं. बंद पापण्यांवर थंड पाण्याची घडी, अंधार, विश्रांती आणि सकाळी डोळ्यांचा डॉक्टर. बहुतेकांचे डोळे एक-दोन दिवसांत बरे होतात. डोळा बधिर करणारे थेंब मागून आणून परत परत टाकणं तर फारच वाईट. दुखणं थांबतं, पण पडदा भरून यायचा थांबतो.

काळ्या काचेला नंबर असतो आणि तो काचेच्या कोपऱ्यावर कोरलेला असतो. ६० ते १६० अँपियरच्या आर्कसाठी १० नंबरची काच घ्यावी, त्याच्या वर ११ किंवा १२. गॅस वेल्डिंग आणि कटिंगला आर्कइतका झोत नसतो, तिथे ४ ते ६ नंबर चालतो. पण कटिंगचा चष्मा लावून आर्क वेल्डिंग करणं म्हणजे काच न लावण्यासारखंच. बाजारातला गॉगल तर विचारातही घेऊ नये. तो चेहरा झाकत नाही, गळ्याला भाजण्यापासून वाचवत नाही आणि उजेड पुरेसा कमी करत नाही. हातात धरायची शील्ड एका हाताला अडकवून ठेवते म्हणून पोरं ती टाकून देतात. त्यापेक्षा डोक्यावर बसणारं हेल्मेट बरं. काळ्या काचेच्या पुढे साधी पांढरी काच लावावी, म्हणजे उडणारे थेंब तिच्यावर बसतात आणि महागाची काच टिकते. आणि काच दुकानात एकच असेल तर दुसरी आणावी. अँगल धरणाऱ्याला काच देणं हा उस्तादाच्या मोठ्या मनाचा नव्हे, त्याच्या जबाबदारीचा भाग आहे.

बिदरचं नाव जगभर ज्या धातूनं नेलं तो जस्त. बिद्रीचं भांडं मुख्यतः जस्ताचं असतं, त्यात थोडं तांबं. किल्ल्यातल्या मातीनं त्याला काळा रंग चढतो आणि त्यावर चांदीची तार उठून दिसते. हेच जस्त गेटसाठी, मंडपासाठी, शेतातल्या पाण्यासाठी वापरायच्या जीआय पाइपवर पातळ थरात चढवलेलं असतं, गंज लागू नये म्हणून. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं आणि ९०७ अंशांना उकळतं. पोलाद वितळायला मात्र १४०० ते १५०० अंश लागतात. म्हणजे जीआय पाइपवर आर्क पेटवला की लोखंड वितळायच्या आधीच त्यावरचं जस्त उकळून वाफ होतं. हवेत येताच ती वाफ पांढरा धूर आणि कापसासारखे तंतू होऊन उडते.

तो धूर छातीत गेला तर चार ते दहा तासांनी घसा कोरडा पडतो, तोंडाला धातूची चव येते, हुडहुडी भरते, ताप चढतो, अंग मोडून येतं. घरचे समजतात मलेरिया. दुसऱ्या दिवशी ताप आपोआप उतरतो आणि माणूस परत कामावर जातो. या तापाची एक खोड अशी की सलग काम करणाऱ्याला आठवड्याच्या मधल्या दिवसांत तो येत नाही आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी हमखास येतो. शरीर दोन-चार दिवस सवय धरतं आणि सुट्टीत ती सोडून देतं. त्यामुळेही सुट्टीतलं खाणं, झोप, हवा यांच्यावर दोष जातो. पाइपवर जात नाही.

यावर इकडे सर्वांत लोकप्रिय उपाय दूध आणि गूळ. दोन्ही खावेत, अंगाला चांगलेच आहेत. पण धूर श्वासनलिकेतून फुप्फुसात जातो आणि दूध अन्ननलिकेतून पोटात. दोघांची वाटेत गाठ पडत नाही. दूध पाजलं म्हणजे कामगाराची काळजी घेतली हे समाधान खोटं आहे. जोडाच्या दोन्ही बाजूंचं जस्त आधी चार-पाच सेंटिमीटर ग्राइंडरनं काढावं, तेही तोंडाला मास्क लावून. काम उघड्यावर घ्यावं, वारा बाजूनं वाहील असं उभं राहावं आणि डोकं धुराच्या लोटात घालू नये. नवखा जोड नीट दिसावा म्हणून वाकतो आणि नेमका धूर वर येतो तिथेच त्याचं नाक असतं. साधा रुमाल किंवा कापडी मास्क या धुराला अडवत नाही. तो इतका बारीक असतो की कापडातून आरपार जातो. निदान एन-९५ प्रतीचा मास्क हवा. आणि ताप आला असताना दम लागत असेल, छाती भरून येत असेल तर तो साधा ताप समजून घरी थांबू नये. काही नटबोल्टांवर आणि काही ब्रेझिंगच्या रॉडमध्ये कॅडमियम असतं. त्याच्या धुराची सुरुवात अशीच होते, पण तो जीव घेऊ शकतो.

साध्या लोखंडाचा धूरही निर्धोक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ साली वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला, ज्या गटात तंबाखूचा धूरही आहे. रॉडमधल्या मँगनीजचा धूर वर्षानुवर्षं घेतला तर तो मेंदूवर परिणाम करतो.

विजेचा धक्का मात्र उशीर करत नाही. आर्क नसताना होल्डरवर ५० ते ८० व्होल्ट असतात. घरच्या २३० व्होल्टपुढे हा आकडा मामुली वाटतो आणि तीच फसगत होते. कलबुर्गीच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, अंगावरचा शर्ट भिजून चिकटतो, आणि घामानं ओल्या झालेल्या कातडीतून वीज सहज जाते. अशात पाण्याच्या टँकरमध्ये उतरून किंवा ट्रॉलीच्या फाळक्याला पाठ टेकून बसून काम करणाऱ्याच्या छातीतून वीज जाऊ शकते. बसायला कोरडी फळी किंवा रबराची चटई घ्यावी, हातमोजे कोरडे असावेत, रॉड उघड्या हातानं बदलू नये, होल्डर काखेत धरू नये, केबल खांद्यावर किंवा कमरेला गुंडाळू नये. तापलेला होल्डर बादलीत बुडवून गार करायची सवय काही ठिकाणी आहे, ती आजच सोडावी. केबलला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून केलेला सांधा म्हणजे सांधा नव्हे. टँकरच्या आत कुणी असेल तर बाहेर स्विचजवळ दुसरा माणूस उभा हवाच. कुणाला वीज लागली तर आधी स्विच बंद करावा, मग त्याला हात लावावा.

गॅस कटिंगच्या जोडीत काळी टाकी ऑक्सिजनची आणि मरून रंगाची अ‍ॅसिटिलीनची. चुकून नळी बदलू नये म्हणून अ‍ॅसिटिलीनचे आटे उलटे असतात. ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला, रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीसचा हात कधी लावू नये. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल ठिणगीशिवायही पेटतं. गॅरेजमध्ये हात तर सतत तेलकटच असतात, म्हणून हा नियम इथे सर्वांत जास्त मोडतो. अंगावरची धूळ ऑक्सिजननं उडवणं हाही तसाच आगीशी खेळ: कपड्यांत ऑक्सिजन भरून राहतो आणि नंतरच्या एका ठिणगीनं सगळे कपडे भडकतात. अ‍ॅसिटिलीनची टाकी आडवी ठेवून वापरू नये, तिच्यातलं द्रव बाहेर येतं. तिचा दाब नळीत एका बारच्या वर नेऊ नये, त्यापुढे हा वायू स्वतःच फुटू शकतो. गळती साबणाच्या पाण्यानं बघावी, काडी पेटवून नव्हे. दोन्ही नळ्यांवर आग उलट शिरू न देणारा फ्लॅशबॅक अरेस्टर असावा.

डिझेलची टाकी, थिनरचा किंवा स्पिरिटचा पिंप जोडायला आला तर नवख्यानं सरळ नाही म्हणावं. लोक सांगतात, रिकामा आहे, काही नाही त्यात. भरलेल्या पिंपापेक्षा रिकामा जास्त घातक, कारण आत वाफ आणि हवा मिसळून तयार बसलेली असते. नुसतं धुऊन तळाच्या शिवणीत दडलेलं तेल जात नाही. उष्णता लागली की त्याची पुन्हा वाफ होते. फाटलेलं झाकण आणि माणूस दोन्ही मग दूर जाऊन पडतात.

ठिणग्या दहा मीटरपर्यंत उडतात. दुकानाच्या मागे कडबा, तुराट्या, पाचट, बारदान असेल तर आधी ते हलवावं, हलवणं शक्य नसेल तर ओलं करावं, आणि पाण्याची बादली व वाळू जवळ ठेवावी. काम संपल्यावर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर, तिथेच थांबून नजर ठेवावी. संध्याकाळी उशिरा आलेलं शेवटचं घाईचं काम करून लगेच शटर ओढणं टाळावं. कपडे सुती असावेत. टेरिलीन वितळून कातडीला चिकटतं. पँट खाली दुमडू नये, दुमडीत थेंब अडकतो. आणि चप्पल घालून वेल्डिंग करू नये. हे वाचून हसू येईल, कारण सगळेच चप्पल घालून करतात. पण पायाच्या बोटांमध्ये अडकलेला वितळलेला थेंब झटकता येत नाही.

शेवटचा धोका वेल्डिंग करणाऱ्याला नसतोच, तो ट्रॉलीमागून मोटारसायकलवर येणाऱ्याला असतो. ट्रॉलीच्या दांडीचा जोड वरून जाड, गुळगुळीत दिसतो, पण करंट कमी पडल्यानं धातू खोल गेलेलाच नसतो. खोल जाण्याला पेनिट्रेशन म्हणतात, आणि जाड दांडीला कडा तिरक्या घासून ‘व्ही’ केल्याशिवाय ते मिळत नाही. जोडाच्या काठाला खाच पडली तर अंडरकट. तडा तिथूनच सुरू होतो. आधीचा स्लॅग न काढता वर दुसरा थर मारला तर पपडी आतच गाडली जाते. ओली रॉड, गंज किंवा रंग यांमुळे जोडात बुडबुडे राहतात, त्यांना ब्लो होल म्हणतात. हे सगळं रंगाखाली झाकलं जातं आणि उसानं भरलेली ट्रॉली रस्त्याच्या खड्ड्यात आदळेपर्यंत कुणालाच कळत नाही. म्हणून दांडी, हूक आणि एक्सलचे जोड नवख्यानं एकट्यानं करू नयेत. त्यानं टाके मारावेत, जोड उस्तादानं पूर्ण करावा. स्लॅग हातोडीनं झाडून, तारेच्या ब्रशनं घासून, उन्हात दोघांनी जोड पाहावा. खाच किंवा भोक दिसलं तर ग्राइंडरनं काढून पुन्हा भरावं. रंगाचा डबा त्यानंतर उघडावा.